अर्धी कातरलेली मेंढी

आयव्हरचा उजवा हात गेला तेव्हा मेंढीचं डोकं अजून दगडाच्या आतच होतं. डावी कूस पुरी झाली होती, पोटाखाली मुडपलेले पाय खुणेपुरते निघाले होते. बाकी सगळा वुडिनाकडच्या खाणीतला गुलाबी ग्रॅनाइट, आमच्या शेडमध्ये जाड ओंडक्यांवर बसलेला.

आयव्हर पेनहेल माझा नवरा. त्याच्या वडलांचं मेंढ्यांचं रान होतं, पण याला मेंढ्यांपेक्षा रानातले दगड जास्त आवडायचे. पोर्ट लिंकनला थडग्यांचे दगड घडवणाऱ्या एका कारागिराकडे तो शिकला. आठवडाभर मेलेल्यांची नावं कोरायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या मनातलं काहीतरी, असं त्यानं निम्मं आयुष्य काढलं. नोकरी सुटल्यावर मनातलंच तेवढं राहिलं.

आमच्या टॉलिस बे या समुद्रकाठच्या गावात दर ईस्टरला, मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळा ओसरला की, कड्यावरच्या पायवाटेवर शिल्पांचं प्रदर्शन भरतं. भिंती नाहीत, छप्पर नाही. लोक कुत्री घेऊन येतात, पोरं शिल्पांवर चढतात, आणि वारा शिल्पकार आणि पाहुणे सगळ्यांना सारखाच झोडपतो. आयव्हरनं पहिल्या वर्षापासून एकदाही ते चुकवलं नव्हतं. आणि त्या पहिल्याच वर्षी त्याच्या शेजारची जागा मिळाली होती नेवेंका बाबिचला.

नेवेंकाचे वडील डाल्मेशियातल्या कुठल्याशा बेटावरून ट्यूना पकडायला पोर्ट लिंकनला आले आणि इथलेच झाले. ती गोदीत बोटींना वेल्डिंग करायची. मोडीत निघालेल्या बोटींचे पत्रे, पंखे, साखळ्या जोडून ती पक्षी बनवायची, माणसापेक्षा उंच. त्या वर्षीचा तिचा पक्षी वाऱ्यात असा काही खडखडायचा की शेजारी उभं राहून बोलणं अशक्य.

"बाई, तुझ्या डब्याचं झाकण लाव जरा," आयव्हर म्हणाला. ते त्यांचं पहिलं बोलणं.

तिनं त्याच्या दगडाला एक फेरी मारली. "आणि हा दगड तू आणलास, की इथं आधीपासूनच होता?"

त्याच सकाळी एक परीक्षक आयव्हरच्या शिल्पावर बसून बुटातली वाळू झटकून गेला होता. त्यामुळे ते अगदी वर्मी लागलं. तेव्हापासून दर ईस्टरला या दोघांचं भांडण ठरलेलं. तो तिच्या कामाला पत्रा म्हणायचा, ती त्याच्या कामाला दाराला लावायचा धोंडा म्हणायची. वर्षभर एकमेकांना फोनसुद्धा करत नसत, पण प्रदर्शनात पोचल्यावर आयव्हर आधी तिची गाडी आलीय का ते बघायचा.

तर जानेवारीतली ती सकाळ. आमच्याकडचा ऐन उन्हाळा, उकाडा मरणाचा. मी स्वयंपाकघरात जर्दाळू बरण्यांत भरत होते आणि शेडमधून आयव्हरच्या दगड घासायच्या ग्राइंडरचा आवाज येत होता. ग्राइंडर दगडाला टेकला की त्याचा सूर खाली जातो, उचलला की वर चढतो. इतक्या वर्षांत माझ्या कानाला ते आपोआप कळायला लागलंय. तो सूर वर गेला आणि वरच राहिला. मी हात न धुताच धावले.

आयव्हर मेंढीला पाठ टेकून जमिनीवर बसला होता. ग्राइंडर त्याच्या पायांपासून थोड्या अंतरावर भोवऱ्यासारखा फिरत होता. मी आधी वायर उपटली. आयव्हरच्या तोंडाची एक बाजू ओघळल्यासारखी झाली होती.

"ग्लेनिस," तो जड जिभेनं म्हणाला, "हातातून पडलं गं."

पक्षाघात होता. आडगावातले रोगी उचलणाऱ्या फ्लाइंग डॉक्टरांच्या विमानानं त्याला ॲडलेडच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, बोलणं हळूहळू परत आलं, पाय काठीच्या आधारानं चालायला लागला. हात मात्र खांद्यापासून ओल्या टॉवेलसारखा लोंबत राहिला. घरी आणलं तेव्हा गाडीतून उतरताना तो शेडकडे बघेना. मी त्याची खुर्ची मागच्या अंगणात समुद्राकडे तोंड करून मांडली. दुसऱ्या दिवशी त्यानं ती डाव्या हातानं ओढत ओढत फिरवली, कुंपणाकडे तोंड करून.

प्रदर्शनाचं काम बघणारी कॉरल आमच्या जुन्या ओळखीची. तिचा फोन आला. ती फार जपून बोलत होती. "ग्लेनिस, त्याला म्हणावं, कसलाही ताण घेऊ नकोस. यंदाचं राहू दे. जागा पुढच्या वर्षीही त्याचीच आहे."

मी ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." एवढंच. आयव्हरला मी कशालाच एवढ्या सहज बरं म्हणताना पाहिलं नव्हतं. मला त्याच्या आजाराचं जेवढं भय वाटलं नव्हतं तेवढं त्या 'बरं'चं वाटलं.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी फाटकाशी एक ट्रक येऊन थांबला. नेवेंका उतरली. एका हातात रश्शाचं भलं मोठं पातेलं, टोमॅटोत शिजवलेली मासळी, तिच्या आईच्या पद्धतीची. ते माझ्या हातात देऊन तिनं विचारलं, "कुठाय?"

"मागे बसलाय."

"तो नाही. दगड."

मी शेड दाखवली. ती आत गेली, बराच वेळ बाहेरच आली नाही. मग अंगणात आली आणि आयव्हरच्या समोर, कुंपण आणि तो यांच्यामध्ये उभी राहिली.

"ते काय आहे? डोंगर?"

आयव्हरनं मान वर केली. "मेंढी."

"डोकं कुठाय तिचं?"

"आत आहे."

"आणि बाहेर कोण काढणार?"

मला वाटलं हिला हाताला धरून बाहेर काढावं. पण ती म्हणाली, "मी काढते."

"तू?" आयव्हरचा आवाज दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा चढला. "तू पत्रे ठोकणारी बाई. ग्रॅनाइट आहे तो!"

"ग्राइंडर मी तुझ्याइतकीच वर्षं चालवतेय. तू फक्त सांग. तोंड चालतंय ना? दुर्दैवानं चालतंय, ऐकू आलं मला."

मी त्याच दुपारी कॉरलला फोन केला. ती म्हणाली, पायवाटेवरच्या जागा वाटून झाल्यात. फक्त पार टोकाची एक उरलीय, शौचालयांच्याही पलीकडे. तिथला वारा इतका वाईट की कुणीच घेत नाही. आयव्हरला सांगितलं तर म्हणाला, "ग्रॅनाइट उडून जाणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून नेवेंका पोर्ट लिंकनहून रोज सकाळी यायला लागली. आयव्हरची खुर्ची अंगणातून शेडमध्ये गेली. डाव्या हातात झाडूचा दांडा घेऊन तो दगडावर जागा दाखवायचा आणि ओरडायचा. ती त्याच्या दुप्पट ओरडायची. मी स्वयंपाकघरात बसून ऐकत असे.

"दाबू नकोस! लोखंड नाहीय ते, टेकव नुसतं!"

"टेकवलं की काही निघत नाही!"

"निघतं! दगडाला घाई नसते!"

"दगडाला नसेल, मला आहे! ईस्टर काय तुझ्या बापाची वाट बघणार आहे?"

पहिल्याच आठवड्यात तिनं कान तोडला. एक कडक आवाज आला आणि मग एकदम शांतता. मी धावत गेले. नेवेंकाच्या हातात हातोडी तशीच होती आणि तिचा चेहरा पांढराफटक. तुटलेला तुकडा जमिनीवर पडला होता. तिनं तो उचलून आयव्हरच्या मांडीवर ठेवला.

आयव्हरनं तुकडा बोटांत फिरवला. कानाकडे पाहिलं. कानाच्या कडेला छान त्रिकोणी खाच पडली होती. आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता, ओघळलेल्या तोंडानं, वाकड्यातिकड्या आवाजात.

"बाबा सगळ्या मेंढ्यांच्या कानाला अशीच खाच पाडायचे," तो म्हणाला. "कळप ओळखू यावा म्हणून. मी विसरलोच होतो करायची."

"खोटं बोलतोस," नेवेंका म्हणाली.

"आता दुसऱ्या कानाला हात लावू नकोस म्हणजे झालं."

एवढं सगळं हसतखेळत चाललं असं मात्र नाही. एका दुपारी नेवेंका माझ्याबरोबर चहा घेत होती आणि आयव्हर शेडमध्ये एकटाच होता. धडपडल्याचा आवाज आला. त्यानं उजव्या हाताच्या बोटांभोवती चिंधी गुंडाळून त्यात छिन्नी अडकवली होती, डाव्या हातात हातोडी घेऊन उभा राहायला गेला होता आणि तोल जाऊन पडला होता. लागलं फारसं नव्हतं. पण आम्ही दोघींनी त्याला उचलून खुर्चीत बसवलं तेव्हा तो नेवेंकाचा हात झिडकारून म्हणाला, "जा तू. पुरे झालं. माझ्यावर दया दाखवायला येऊ नकोस उद्यापासून."

मी म्हणाले, "आयव्हर!"

नेवेंकानं मला हातानंच थांबवलं. ओंडक्यावर बसली, हातमोजे काढले.

"यूरे गेला त्या वर्षी मी प्रदर्शनाला आले नव्हते," ती म्हणाली. यूरे तिचा नवरा. समुद्रावर गेला होता, बोट परत आली, तो आला नाही. "काही करावंसंच वाटत नव्हतं. ट्रकची किल्लीसुद्धा भावाला देऊन टाकली होती. माझी चुलत बहीण त्या वर्षी इकडे फिरायला आली होती. तिनं येऊन काय सांगितलं माहितीय?"

आयव्हर जमिनीकडे बघत होता.

"म्हणाली, तुझी जागा रिकामी आहे. कॉरल तिथं दुसऱ्या कुणाचं तरी काम ठेवणार होती, तर शेजारचा तो पेनहेल भांडला तिच्याशी. आणि रोज तिथं उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, 'इथं एक पक्षी असतो. पत्र्याचा आहे, फार खडखडतो, डोकं उठवतो. पण यंदा नाहीय तर बघा, कड्याला काहीतरी कमी पडतंय. पुढच्या वर्षी या, बघायला मिळेल.'" नेवेंका थांबली. "चुलत बहिणीला वाटलं तू वेडा आहेस. मी दुसऱ्या दिवशी भावाकडून किल्ली परत घेतली."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून आयव्हरनं मला हे सांगितलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

आयव्हर म्हणाला, "तो पक्षी खडखडायचाच."

"हो," नेवेंका म्हणाली. "मुद्दामच तसा केला होता." तिनं हातमोजे घातले. "आता सांग, नाकपुड्या कुठं येणार?"

ईस्टर जवळ आला तसं मेंढीचं डोकं बाहेर आलं, हनुवटी जमिनीला टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले. पण उजवी कूस राहिली होती. डावी कूस आयव्हरनं धडधाकट असताना घासून आरशासारखी गुळगुळीत केली होती. उजवीवर नेवेंकाच्या ग्राइंडरचे वळसेच वळसे उठले होते, खडबडीत. ते घासून काढायला वेळच नव्हता. आयव्हर फणफणला.

"मेंढी आहे की नांगरलेलं रान?"

"लांबून कळत नाही," नेवेंका म्हणाली.

"लोक लांबून बघत नाहीत! हात लावतात!"

पण ईस्टर खरंच कुणाची वाट बघणार नव्हता. नेवेंकाचे भाऊ धक्क्यावरची क्रेन आणि ट्रक घेऊन आले. नावाची पाटी मी केली. 'वारा सुटल्यावर' असं शिल्पाचं नाव आणि खाली दोघांची नावं. पेनहेल वर का, म्हणून नेवेंका भांडली. मी म्हणाले, त्याची मेंढी आहे. मग तिचं नाव मुळात का घातलं, म्हणूनही तीच भांडली. आयव्हर म्हणाला, "असू दे. कुणी विचारलं खडबडीत बाजू कुणाची, तर मला बोट दाखवायला बरं."

शुक्रवारी सकाळी प्रदर्शन उघडलं. आयव्हर काठी टेकत टेकत टोकापर्यंत चालत गेला, मध्ये कुठं बसायलासुद्धा तयार नव्हता. दुपारपर्यंत लोक येत होते, बघत होते, पुढं जात होते. मग डार्सी आला. डार्सी हयातभर लोकर कातरत आलाय, पाठ कायमची वाकलेली. त्यानं गुळगुळीत कुशीवरून तळवा फिरवला. वळसा घालून पलीकडे गेला, खडबडीत कुशीवरून फिरवला. परत अलीकडे आला. त्याचा चेहरा गंभीर होता.

"आयव्हर," तो म्हणाला, "अर्धी कातरून झाल्यावर जेवायची सुट्टी झाली काय रे?"

आजूबाजूची माणसं फिसकन हसली. आयव्हरनं आधी डार्सीकडे पाहिलं, मग मेंढीकडे. कातरलेली मेंढी लख्ख गुळगुळीत दिसते आणि न कातरलेली लोकर वळ्यावळ्यांची असते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. इतके दिवस तो त्या दगडासमोर बसला होता आणि आता त्याला ते दिसलं. तो इतका हसला की मला त्याची काठी धरावी लागली.

"मी तर म्हणत होते," नेवेंका म्हणाली. ती असं काहीच म्हणत नव्हती.

त्यानंतर डार्सीचा विनोद आमच्याआधी सगळ्या पायवाटेवर पोचला. लोक मुद्दाम टोकापर्यंत येऊन दोन्ही बाजूंना हात लावून जायला लागले. बक्षीस मात्र मिळालं नाही. ते ॲडलेडच्या एका पोरीला मिळालं, काचेच्या लाटेला, आणि लाट खरंच सुरेख होती. आयव्हरनं डाव्या हातानं तिच्याशी हात मिळवला.

पण मला जे सांगायचंय ते रविवारचं आहे. दुपारी नैर्ऋत्येचा वारा उठला, आमच्याकडे उठतो तसा, वाळू घेऊन. पायवाटेवरची माणसं टोप्या धरून पळायला लागली. टोकाला आसरा म्हणून काही नव्हतंच, मेंढी सोडून. ती वाऱ्याला आडवी बसली होती. एक कुटुंब तिच्या पलीकडे जाऊन टेकून बसलं. मग दुसरं. मग एक म्हातारं जोडपं, कुत्र्यासकट. थोड्या वेळानं तिच्या पोटाशी दाटीनं माणसं बसली होती, कागदात गुंडाळलेल्या मांस-बटाट्याच्या पेस्ट्या उलगडून खात होती, एकमेकांना सॉस देत होती. एक बाळ तिच्या मुडपलेल्या पायावर डोकं टेकून झोपून गेलं. वर वारा घोंघावत होता आणि खाली ती माणसं गप्पा मारत होती. शिल्पाकडे कुणीच बघत नव्हतं. ते नुसते तिच्याजवळ बसले होते.

आम्ही तिघं जरा लांब, नेवेंकाच्या ट्रकच्या आडोशाला होतो. आयव्हर बराच वेळ बघत राहिला. त्याचे डोळे वाहत होते, आणि ते वाऱ्यानं म्हणावं तर तो आडोशाला होता.

"नेवेंका," तो म्हणाला.

"काय?"

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. जिभेचा दोष नव्हता. आयव्हरला आभार मानताच येत नाहीत, आधीही येत नव्हते.

"चहा घेशील?" त्यानं विचारलं. आणि थर्मास मला उघडू न देता, मांड्यांच्या मध्ये धरून, एका हातानं झाकण फिरवून, निम्मा सांडत त्यानं तिच्यासाठी चहा ओतला.

तिनं दोन्ही हातांनी कप घेतला. "साखर नाहीय यात," ती म्हणाली, आणि सगळा प्याली.

मेंढी परत आणायचा दिवस आला तेव्हा कॉरलचा फोन आला. लोक विचारताहेत, तिला तिथंच राहू देता येईल का? म्हणून ती अजून टोकालाच आहे. कोळी सांगतात, धुक्यात बोटीवरून दिसली की खरी वाटते.

आयव्हर आता डाव्या हातानं मातीत काम करतो. बोटं अजून ऐकत नाहीत, पहिले काही महिने जे काही निघायचं ते बटाट्यासारखंच निघायचं, पण तो रोज शेडमध्ये जातो आणि खुर्ची कुंपणाकडे कधीच फिरवत नाही. नेवेंका गुरुवारी येते. मातीत घालायला ती तारेचे सांगाडे करून देते आणि ते कसे चुकलेत यावरून भांडण होतं.

मागच्या गुरुवारी ती माझ्याबरोबर भांडी पुसत होती. मी म्हणाले, "नेवेंका, तू त्या दिवशी आली नसतीस तर—"

तिनं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. "ग्लेनिस, रडायचं असेल तर खाली ठेवून रड. हे ताट चांगलं आहे."

मग तिनं ते ताट पुसलं, कपाटात ठेवलं, आणि ओला टॉवेल खांद्यावर टाकून मला जवळ घेतलं. तेवढ्यात शेडमधून आयव्हरची हाक आली. तार वाकलीय म्हणून तो शिव्या देत होता. ती मला सोडून तिकडे ओरडतच निघाली.